घरच्या पवनचक्कीची लाकडी पाती: वखारीपासून तोलापर्यंत

तिन्ही पाती एकेक मिलिमीटर जाड झाली तर पवनचक्कीला ते कळतही नाही. एकच पातं जाड झालं तर मात्र खांब थरथरायला लागतो. पुढची बहुतेक प्रत्येक सूचना यातूनच निघते. कुठलंही एक काम आधी तिन्ही फळ्यांवर करायचं, मगच पुढचं काम हाती घ्यायचं. एक पातं पुरं करून दुसऱ्याला हात घातला की तोवर हात बसलेला असतो आणि तिसरं पातं पहिल्यापेक्षा सरस उतरतं. इथे ते परवडत नाही.

खालची मापं २.४ मीटर व्यासाच्या, तीन पात्यांच्या चक्राची आहेत, म्हणजे एक पातं १.२ मीटरचं. सुताराच्या साध्या हत्यारांनी हा आकार जमतो आणि चूक झालीच तर लाकूडही फार वाया जात नाही. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाचं एक द्वीपकल्प आहे, तिथे आजही मोटाररस्ता जात नाही. ह्यू पिगट १९७०च्या दशकापासून तिथे अशा चक्क्या बनवत आले. घरी पाती कोरणारे जगभरचे लोक आज जी पद्धत वापरतात, ती बरीचशी त्यांच्याकडून पसरली. इथली रीतही त्याच घराण्यातली आहे.

आधी थोडा हिशोब

या चक्राचं क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर भरतं. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात त्यातून सुमारे ३४० वॉटचा वारा जातो. बेट्झच्या नियमाप्रमाणे त्यातले ५९.३ टक्क्यांहून जास्त कोणालाच काढता येत नाहीत. हाताने नीट कोरलेली पाती ३५ टक्क्यांच्या आसपास काढतात, म्हणजे १२० वॉट. त्यातलेही काही जनित्रात आणि तारांत जातात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते, म्हणून मंद वाऱ्यातले आकडे पाहून खट्टू होऊ नये आणि वादळातल्या ताकदीला हलकं लेखू नये.

ही पाती अशी बेतली आहेत की शेंडा वाऱ्याच्या सहापट वेगाने धावावा. ५ मीटरच्या वाऱ्यात चक्र मिनिटाला सुमारे २४० फेरे घेतं, १० मीटरच्या वाऱ्यात ४८०. जनित्र या वेगाला साजेसं हवं. ३ मीटरच्या वाऱ्यात, म्हणजे १४० ते १५० फेऱ्यांना, बॅटरी चार्ज होऊ लागली पाहिजे. गाडीचा अल्टरनेटर हजाराच्या पुढे फेरे मागतो. तो थेट या चक्राला जोडला तर पाती कितीही सुंदर असोत, बॅटरी कोरडीच राहणार.

छताच्या पंख्याची पाती लावून पाहायचा मोह अनेकांना होतो. तो सोडावा. पंख्यात मोटर हवेला ढकलते, इथे हवा पात्याला ओढते, त्यामुळे बाक नेमका उलट्या बाजूला लागतो. पंख्याची पाती उलटी करून लावली तरी त्यांचा कोन या वेगाला फार मोठा पडतो.

लाकूड

हवं ते हलकं, सरळ रेषांचं, बिनगाठीचं आणि वाळलेलं. देवदार किंवा चांगला पाइन उत्तम. साग जास्त टिकतो, पण वजन वाढतं आणि बिनगाठीच्या सागाचे पैसे पाहून हात आखडतो. बाभूळ जड पडते, आंब्याला भुंगा लागतो. प्लायवुड आणि एमडीएफ पात्याला चालत नाही. प्लायचे अर्धे थर आडव्या रेषांचे असतात, त्यांची लांबीच्या दिशेने ताकद जवळपास नसते. छोटे तुकडे दाते पाडून चिकटवलेली तयार फळी दिसायला गुळगुळीत असते, तीही टाळा.

वखारीत ६ इंच रुंद, २ इंच जाड, साडेचार फूट लांब अशा चार फळ्या सांगा. हिशोब दीड घनफुटाचा होतो. चौथी फळी चुकीसाठी. चारही फळ्या एकाच ओंडक्यातून कापून घेता आल्या तर फार बरं, कारण एकाच जातीच्या दोन झाडांच्या लाकडाच्या वजनातही चांगलाच फरक असतो. खोडाचा मधला बिंदू ज्या फळीत आला आहे ती घेऊ नका, ती वाळताना हमखास तडकते. फळीच्या कडेवरच्या रेषा न्याहाळा. एक फूट लांबीत रेषा इंचाहून जास्त तिरकी पळत असेल तर फळी बाजूला ठेवा. अशा फळीचं पातं तिरक्या रेषेवरच चिरतं. बुंध्याकडे एखादी नखाएवढी घट्ट गाठ चालेल, पण कडेवर नको आणि शेंड्याकडच्या अर्ध्या भागात अजिबात नको.

घरी आणल्यावर दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा आणि आठवड्याला एकदा वजन करा. वजन घटायचं थांबलं की लाकूड तयार. आपल्याकडे सोयीचा क्रम असा: पाऊस सरल्यावर फळ्या आणाव्यात, उन्हाळ्यात कोराव्यात आणि मृगाच्या आधी चक्र खांबावर चढवावं. सह्याद्रीच्या माथ्यावर जोराचा वारा मिळतो तो जून ते सप्टेंबर. पावसाळ्यात कोरलेलं पातं दिवाळीपर्यंत पीळ बदलतं.

हत्यारं

करवत, हातरंधा, एक इंची पटाशी आणि लाकडी हातोडा, अर्धगोल कानस, गुण्या, स्टीलची पट्टी, दोन-तीन सी क्लॅम्प, ६०, १०० आणि १५० नंबरचा पॉलिश पेपर, आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा. विजेचा रंधा असेल तर कष्ट निम्मे होतात. ग्राइंडरला सँडिंग डिस्क लावून भराभर लाकूड उडवता येतं, पण ती क्षणात दोन मिलिमीटर जास्त खाते. पहिल्या संचाला ती शेंड्याकडे लावू नये. चष्मा आणि मास्क घालूनच काम करा.

आखणी

फळ्या रंधून १४० मिमी रुंद आणि ४५ मिमी जाड करा, लांबी १२०० मिमी. आता नावं ठरवून फळीवर पेन्सिलीने लिहून टाका. वाऱ्याकडे राहणारी बाजू ती तोंड, तिच्या मागची ती पाठ. खांबाकडचं टोक बुंधा, दुसरं शेंडा. फिरताना वारा कापत पुढे जाणारी कड ती आघाडी, दुसरी पिछाडी. वाऱ्याच्या बाजूने पाहताना चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचं असेल, तर फळी शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे करून उभी धरा: उजवी कड आघाडी, डावी पिछाडी. तिन्ही फळ्या शेजारी उभ्या करून एकदा खात्री करा. दोन पाती सुलट आणि एक उलटं, ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती कळते ती लाकूड उडून गेल्यावर.

बुंध्याच्या टोकापासून, म्हणजे चक्राच्या केंद्रापासून, दर २०० मिमीवर चारही बाजूंना गुण्याने रेघ ओढा. हे सहा टप्पे. मापं मिलिमीटरमध्ये:

टप्पा १ (२०० वर): रुंदी १४०, खोली ४२, जाडी २८
टप्पा २ (४०० वर): रुंदी १२७, खोली ३१, जाडी २०
टप्पा ३ (६०० वर): रुंदी ११४, खोली १७, जाडी १५
टप्पा ४ (८०० वर): रुंदी १०१, खोली १०, जाडी १३
टप्पा ५ (१००० वर): रुंदी ८८, खोली ५, जाडी ११
टप्पा ६ (१२०० वर, शेंडा): रुंदी ७५, खोली ३, जाडी ९

खोली म्हणजे तोंडाच्या मूळ पातळीपासून पिछाडीची कड किती आत न्यायची ते. त्यातून पात्याला पीळ मिळतो: शेंड्याला सव्वादोन अंशांच्या आसपास, अर्ध्यावर साडेआठ, पहिल्या टप्प्यावर साडेसोळा. पीळ लागतो कारण शेंडा वेगाने धावतो आणि त्याला वारा जवळजवळ समोरून, फिरण्याच्या पातळीतून येताना भासतो. बुंधा सावकाश चालतो, त्याला वारा बराच तिरका लागतो. खरं तर पहिल्या टप्प्यावर २६ अंश हवे होते, पण ४५ मिमीच्या फळीत ते बसत नाहीत. त्यासाठी वेगळी पाचर चिकटवणारे लोक आहेत आणि त्यांच्या चक्क्या मंद वाऱ्यात थोड्या लवकर सुरू होतात. पहिल्या संचाला त्या भानगडीत पडू नये. केंद्रापासून ४०० मिमीपर्यंतचा भाग चक्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या नवव्या हिश्श्याएवढाच आहे, तर शेंड्याकडची अर्धी लांबी पाऊण क्षेत्रफळ व्यापते. घाम गाळायचा तो तिथे.

चुकीची किंमतही तशीच ठरते. शेंड्याला खोलीत एक मिलिमीटरची चूक म्हणजे पाऊण अंश, आणि तिथला सगळा कोनच सव्वादोन अंशांचा. पहिल्या टप्प्यावर तेवढीच चूक अर्ध्या अंशाचीही भरत नाही.

रुंदीचा उतार आणि बुंध्याचा कोन

प्रत्येक टप्प्यावर आघाडीपासून रुंदी मोजून खूण करा, खुणा जोडा आणि पिछाडीकडचा तुकडा कापा. आघाडीची कड सरळच राहते, त्यामुळे तिच्यातल्या रेषा बुंध्यापासून शेंड्यापर्यंत अखंड राहतात. कापलेले पाचरीसारखे तुकडे फेकू नका, पुढे पातं क्लॅम्पमध्ये धरताना खाली टेकू म्हणून कामी येतात.

बुंधा चौकोनी आहे तोवरच त्याचा कोन कापून घ्या. टोकाच्या कडेवर मधोमध, ७० मिमीवर, खूण. दोन्ही बाजूंच्या कडांवर टोकापासून ४०.५ मिमी मागे खूण. मधल्या खुणेपासून या दोन खुणांपर्यंत रेघा ओढून कापलं की १२० अंशांचं टोक मिळतं आणि तीन पाती केंद्राशी चपखल बसतात. फट राहिली तर तिन्ही पाती जमिनीवर जागच्या जागी दाबून धरा आणि सांध्यातून करवत चालवा. दोन्ही बाजूंचं सारखं लाकूड जातं आणि सांधा आपोआप जुळतो.

तोंड कोरणे

पिछाडीच्या कडेवर प्रत्येक टप्प्याची खोली तोंडाच्या पातळीपासून मोजून खूण करा. खुणा जोडताना सरळ पट्टीने टोकदार कोन पडतात, म्हणून लवचीक प्लास्टिकची पट्टी धरून सलग वळणदार रेघ काढा. पहिल्या टप्प्यापासून बुंध्याकडे ही रेघ १४० मिमीच्या खुणेपर्यंत वर आणून शून्यावर मिळवा. त्याच्या आतला भाग पूर्ण जाडीचा राहतो, तो पुढे जोडणीत प्लायच्या दोन चकत्यांमध्ये बसणार आहे.

आता दर ३ ते ४ सेंटिमीटरवर आडवे करवतीचे काप घ्या. काप आघाडीच्या कडेशी शून्य खोलीचा आणि पिछाडीकडे रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबणारा हवा. मधलं लाकूड पटाशीने तोडून काढा आणि मग रंधा चालवा. रंधा नेहमी उताराच्या दिशेने: तोंडावर शेंड्याकडून बुंध्याकडे. फक्त बुंध्याजवळच्या छोट्या चढावर उलटं, बुंध्याकडून पहिल्या टप्प्याकडे पटाशी. चढावर रंधा मारला की रंध्याचं पातं रेषेत शिरून ढलपी उपटतं आणि त्या खड्ड्याला इलाज नसतो.

प्रत्येक टप्प्यावर स्टीलची पट्टी आघाडीपासून पिछाडीपर्यंत आडवी ठेवा. खालून उजेड दिसता कामा नये. मध्ये फुगवटा राहणं हा नवख्यांचा ठरलेला दोष आहे, रंध्याचा दाब मध्यावर कमी पडतो म्हणून. किंचित खोलगट झालं तर चालतं, फुगीर चालत नाही.

खोली तपासायचा सोपा मार्ग: पाठ अजून सपाट आहे, तेव्हा पाठीपासून पिछाडीच्या कडेची उरलेली उंची मोजा. पहिल्या टप्प्यापासून शेंड्यापर्यंत ती ३, १४, २८, ३५, ४०, ४२ अशी हवी. तिन्ही पात्यांचे आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. एकात कुठे मिलिमीटरभर जास्त खोदलं गेलं असेल तर उरलेली दोनही तिथे तेवढीच खोदावीत. कागदावरच्या मापापेक्षा सोबत्यांशी जुळणं महत्त्वाचं. चौथी फळी काढायची ती शेंड्याकडे दोन मिलिमीटरहून जास्त चूक झाली तरच.

पाठ: आधी जाडी, मग आकार

कोरलेल्या तोंडापासून जाडी मोजत आघाडी आणि पिछाडी दोन्ही कडांवर रेघ काढा. पहिल्या दोन टप्प्यांवर पिछाडीकडची रेघ फळीबाहेर जाते, तिथे कापायला काही नाही, मूळ पाठ तशीच राहू द्या. बाकी ठिकाणी पुन्हा काप, पटाशी, रंधा, पाठ तोंडाला समांतर होईपर्यंत. या वेळी कॅलिपरने टप्प्याटप्प्याला जाडी मोजा. कॅलिपर नसेल तर पत्र्यात २८, २०, १५, १३, ११ आणि ९ मिमीच्या खाचा कापून घरचं माप बनवा. तिन्ही पात्यांना तेच माप लावायचं असल्याने ते कॅलिपरपेक्षा बरंच पडतं.

मग पाठीवर आघाडीपासून ४२, ३८, ३४, ३०, २६ आणि २३ मिमीवर खुणा करून एक सलग रेघ ओढा. ही रुंदीच्या तीस टक्क्यांवरची रेघ, पात्याचा कणा. या रेघेवरची जाडी आता कमी करायची नाही. पेन्सिलीची रेघ शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे, पुसली गेली तर लगेच पुन्हा काढा. कण्यापासून पिछाडीपर्यंत रंध्याने सलग उतार द्या, शेवटी कड १ ते १.५ मिमीची उरेल इतका. कण्यापासून आघाडीकडे उतार आखूड आणि गोलाईदार. आधी रंध्याने दोन-तीन पैलू पाडा, मग कानस, मग पॉलिश पेपर. आघाडीची कड अंड्याच्या निमुळत्या टोकासारखी गोल हवी. धारदार आघाडी दिसायला वेगवान वाटते, पण वाऱ्याचा कोन जरासा बदलला की तिच्यामागे प्रवाह तुटतो.

पिछाडी मात्र पातळच हवी. ३ मिमीची कड ठेवली तर चक्री शिट्टी घालते आणि वेगही मिळत नाही. अर्ध्या मिलिमीटरवर नेली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिला चिरा पडतात.

बुंध्याजवळ गोलाई चौकोनी भागाला मिळते तिथे करवतीची खाच किंवा टोकदार कोपरा राहू देऊ नका. पातं वाऱ्यात वाकतं तेव्हा सगळा ताण तिथेच येतो आणि मोडलेली पाती बहुधा याच जागी मोडलेली असतात.

वजन जुळवणे

पूर्ण झालेलं पातं देवदाराचं असेल तर साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. पण एकूण वजनापेक्षा ते वजन केंद्रापासून किती लांब आहे, याला महत्त्व. टेबलावर एक अरुंद पट्टी ठेवून तिच्यावर बुंधा टेकवा, टोकापासून ४०.५ मिमीवर पूर्ण रुंदी सुरू होते त्या रेघेवर. शेंडा काट्यावर ठेवा, पातं आडवं समतल करा आणि आकडा वाचा. ३५० ते ४०० ग्रॅमच्या दरम्यान काहीतरी येईल. तिन्ही आकडे दोन ग्रॅमच्या आत आणायचे. जड पात्याची पाठ शेंड्याकडच्या भागात पॉलिश पेपरने सारखी घासा, तोंडाला हात लावू नका.

दोन ग्रॅमसाठी इतका आटापिटा का, तर शेंड्याला १० ग्रॅमचा फरक असेल तर ४८० फेऱ्यांना तो खांबाला सुमारे ३ किलोचा झटका देतो, सेकंदाला आठ वेळा, तासन्‌तास. त्याच वेगाला प्रत्येक पातं बुंध्याला शंभर किलोहून जास्त ओढ देत असतं. खालच्या चकत्या आणि स्क्रू यांत काटकसर करू नये ती म्हणूनच.

लेप

पाती जोडण्याआधीच लेप पूर्ण करा, कारण लेपालाही वजन असतं. १५० नंबरने घासल्यावर बेलतेलाचे (जवसाच्या उकळलेल्या तेलाचे) तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण मुरून वाळल्यावर पुढचा, आणि वरून बाहेरच्या कामाचा इनॅमल पेंट. एपॉक्सीचे दोन थर आणि वर पेंट हा जास्त टिकाऊ पर्याय, फक्त एपॉक्सीला उन्हापासून पेंटचं झाकण हवंच. बुंध्याची कापलेली टोकं आणि शेंडा पाणी सर्वांत जास्त पितात, तिथे एक हात जादा. बेलतेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर तारेवर पसरून वाळवा.

आपल्याकडे जोराचा वारा आणि जोराचा पाऊस एकाच वेळी येतात. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या शेंड्यावर पावसाचा थेंब वाळूसारखा आपटतो आणि आघाडीचा रंग पहिल्याच मोसमात उडतो. शेंड्याकडच्या ५०० मिमीवर आघाडीला पॉलीयुरेथेनची पारदर्शक संरक्षक टेप लावा. तिन्ही पात्यांना सारख्याच लांबीची.

जोडणी

१२ मिमी जाडीच्या मरीन प्लायच्या, आयएस ७१० छाप असलेल्या, २५० मिमी व्यासाच्या दोन चकत्या कापा. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात फुगतो. मागच्या चकतीवर हबच्या, म्हणजे चक्र ज्यावर बसतं त्या फिरत्या तुंब्याच्या, बोल्टची भोकं हबवरूनच आखा. पाती तोंड खाली करून सपाट फरशीवर मांडा. आघाडीची कड तोंडाच्या मूळ पातळीतच ठेवलेली असल्याने तिन्ही आघाड्या फरशीला जवळजवळ टेकल्या पाहिजेत. एखादा शेंडा ५ मिमीहून जास्त वर राहिला तर बुंध्याखाली पातळ पत्रा घालून तो खाली आणा.

शेंड्याशेंड्यांतलं अंतर आघाडीच्या टोकापासून आघाडीच्या टोकापर्यंत मोजा. तिन्ही अंतरं एकमेकांशी ५ मिमीच्या आत जुळली पाहिजेत. जुळली की मागची चकती केंद्रावर ठेवून ३ मिमीची भोकं पाडा आणि प्रत्येक पात्याला आठ स्टेनलेस स्क्रू मारा, ४० मिमी लांबीचे. स्क्रू एका रेषेत नकोत, आडवेतिडवे विखरून, नाहीतर पातं त्या ओळीवर चिरतं. उलटं करून पुढची चकती तशीच. एकूण ४८ स्क्रू. शेवटी हबच्या भोकांतून १२ मिमीचे स्टड आरपार जातात. नटाखाली मोठा वॉशर किंवा स्टीलची चकती घाला आणि नायलॉन लॉकचे नट वापरा. सरस लावू नका, पुढे कधी पाती उतरवावी लागतीलच.

तोल

स्टड घालण्याआधी मागच्या चकतीतून आणि लाकडातून केंद्रावर ३० मिमीचं भोक पाडा, पण पुढच्या चकतीच्या आतल्या बाजूला लागताच थांबा. चकतीच्या त्या आतल्या बाजूवर नेमकं केंद्र शोधून तिथे एक बारीक खळगा करा. जमिनीत घट्ट रोवलेल्या पाइपच्या टोकावर बोथट खिळा बसवा आणि चक्र, तोंड वर करून, त्या खळग्यावर टेकवा. बंद खोलीत. जड बाजू खाली झुकते. हलक्या बाजूला पुढच्या चकतीवर शिशाचे तुकडे ठेवत जा, तिन्ही शेंडे जमिनीपासून सारख्या उंचीवर येईपर्यंत. मग ते तुकडे प्रत्येकी दोन स्क्रूंनी पक्के करा. नुसत्या चिकटवलेल्या शिशावर भरवसा ठेवू नये. १०० ग्रॅमहून जास्त शिसं लागलं तर वजन जुळवताना कुठेतरी चुकलंय, तिकडे परत जा.

पहिली फेरी

बॅटरी जोडलेली असल्याशिवाय चक्र मोकळं फिरू देऊ नका. भार नसला की शेंड्याचा वेग बेताबाहेर जातो, आणि वेग दुप्पट झाला की बुंध्यावरची ओढ चौपट होते. जनित्राच्या तारा एकमेकींना जोडणारा ब्रेकचा स्विच आधी तपासा. पहिल्या दिवशी मध्यम वारा हवा. चक्र ज्या पातळीत फिरतं त्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही. त्या पातळीच्या जरा बाहेर राहून बाजूने पाहिलं तर तिन्ही शेंडे एकाच रेघेत धावताना दिसावेत. एका फेरीला एकदा येणारी धडधड तोलाची असते, सततची शिट्टी जाड पिछाडीची, आणि फडफड ऐकू आली तर आघाडीची टेप सुटली आहे.

नट दुसऱ्या दिवशी, महिन्याने आणि त्यानंतर दर ऑक्टोबरमध्ये आवळा. पावसात फुगलेलं लाकूड ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, आणि मेमध्ये घट्ट वाटलेला नट तेव्हा बोटांनी फिरतो. त्याच वेळी चक्र उतरवून टेपखालचा रंग पाहा. लाकूड उघडं पडलं असेल तर वाळवून, लेप देऊन तिन्ही पात्यांना नवी टेप लावा आणि खिळ्यावर ठेवून तोल पुन्हा बघा.